शनिवार तेल्यांचा बैल

संपादक महोदय, स. न.

आपल्या रविवार पुरवणीतला शब्बाथवरचा, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवसावरचा, लेख वाचला. ३९ वर्ज्य कामे, दर मजल्यावर आपोआप थांबणारी लिफ्ट, विजेच्या बटणाला हात लावायची बंदी, या सगळ्याची लेखकाने यथेच्छ खिल्ली उडवली आहे. शब्बाथ माणसासाठी, माणूस शब्बाथासाठी नव्हे, हे येशूचे वचनही दिले आहे. पण तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातले रब्बी, म्हणजे धर्मगुरूही, जवळजवळ हेच म्हणतात, आणि जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडलाच पाहिजे असा त्यांचा दंडक आहे. तेवढे लेखात यायला हवे होते.

आमच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, शनिवार तेली म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ हाताशी नसतानाही त्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवायचा नेम सोडला नाही. घाणा बंद म्हणजे बैलही सुटला. मोशेच्या आज्ञेत दास, दासी, बैल, गाढव, वेशीआतला परका, सगळ्यांचा विसावा वेगवेगळा सांगितला आहे. सांगावाच लागतो, कारण यातल्या कुणालाच रजा मागायची सोय नाही. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मालकांनी आपण होऊन थोडीच दिली? नारायण मेघाजी लोखंडे झगडले, तेव्हा कुठे १८९० मध्ये ती पदरात पडली.

त्यामुळे नियमांवर माझा राग नाही. स्वतः दिव्याला हात लावायचा नाही आणि परधर्मीय नोकराकडून तो लावून घ्यायचा, यावर आहे. ही पळवाट रब्बींनाही सहसा मान्य नाही, तरी ती चालत आली.

शब्बाथचे जेवण शुक्रवारी सूर्यास्ताआधीच शिजते. शनिवारी चूल पेटत नाही, म्हणजे रांधणारीही मोकळी (शुक्रवारी तिची तारांबळ उडते, हे खरे). आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, शिवाय उपवास नसलेल्यांसाठी वरणभाताचा कुकर वेगळा. उपवासाला कोथिंबीर चालते की नाही यावर पाटावर बसलेले पुरुष तावातावाने बोलतात. ओट्याशी उभी असलेलीचाही त्या दिवशी उपवासच असतो. लेखकाने पुढचा लेख यावर लिहावा.

– एक वाचक, अलिबाग