गोचीड भिंतीत आणि फवारा फक्त गाईवर

मा. संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा सरत आला की आमच्या विटा-खानापूर भागात गोचिडांचा कहर चालू होतो आणि व्हॉट्सॲपवर झाडपाल्याच्या औषधाचे मेसेज फिरायला लागतात. औषध चांगलं आहे, मी वापरतो, पण लोक एकदा फवारतात आणि आठ दिवसांनी परत गोचीड दिसले की म्हणतात पाल्यानं काय होत नाय, की लगेच इंजेक्शन.

राष्ट्रीय डेअरी विकास मंडळानं सांगितलेलं मिश्रण असं आहे, लसणाच्या १० पाकळ्या, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, आणि कडुलिंबाचा पाला, लिंबोळ्या, घाणेरीचा पाला, तुळस हे सगळं मूठ-मूठ, बारीक वाटून १ लिटर पाण्यात कालवायचं, गाळायचं आणि उन्हाच्या वेळी जनावरावर मारायचं, आठवड्यातून एकदा, गोचीड जाईपर्यंत. लोक इथंच थांबतात. हेच पाणी गोठ्याच्या फटीत पण मारायचं असतं ते कुणी करत नाही.

खरी मेख तिथंच आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गाईवरनं खाली पडते, गव्हाणीच्या सांध्यात नाहीतर भिंतीच्या भेगेत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. गाय धुऊन-पुसून लख्ख केली तरी भिंतीतली पिलं परत तिच्याच कानात, कासेवर, शेपटीखाली चढणार. म्हणून भेगा सिमेंटनं बुजवा, बुजवता येत नसतील तर तिथं फवारा मारा, आणि नवीन आणलेलं जनावर लगेच दावणीला बांधू नका.

अजून एक, उरलेलं मिश्रण किंवा त्याचा चोथा गव्हाणीत टाकू नका, घाणेरी पोटात गेली तर जनावराला कावीळ होते. आणि संकरित गाईला गोचिडातनं थायलेरिया नावाचा रक्ताचा आजार होतो, जोराचा ताप आला, गाठी सुजल्या, डोळे पांढरे पडले तर पाला वाटत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. मेंढपाळांना पण हेच सांगणं आहे, मेंढीच्या जबड्याखाली पाणी उतरलं म्हणजे बहुतेक वेळा पोटातल्या जंतांनी रक्त पिऊन तिला पार खलास केलेलं असतं, तिथं वावडिंगासारख्या जंतांवरच्या गावठी औषधाच्या भरवशावर राहू नये.

पण साधे गोचीड दिसले की आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंत आणि गोचीड दोन्हींवर देतात ते इंजेक्शन, टोचायचं हे पण बंद झालं पाहिजे. दुभत्या गाईला दिलं की त्याचा अंश दुधात उतरतो, ते दूध आपलीच पोरं पितात. शिवाय तेच औषध सारखं वापरलं की जंत आणि गोचीड दोघंही त्याला दाद देईनात.

माझी मागणी एवढीच आहे की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जंताचं औषध देण्याआधी शेण तपासून मिळावं, आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयानं पावसाळ्याच्या तोंडावर खानापूर, आटपाडी, माण, खटावच्या दूध संकलन केंद्रांवर येऊन हे मिश्रण करून दाखवावं, गोठ्यातल्या फवारणीसकट. सकाळी दूध घालायला सगळे येतातच, वेगळी सभा बोलवायची पण गरज नाही.

एक दूध उत्पादक, विटा, जि. सांगली