टोपीवरून पुस्तक ओळखू नये

संपादक महोदय,

सेंट पॅट्रिक दिनाच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत आयरिश लोककथांवर टिपण आले, त्यात जेम्स स्टीफन्स यांच्या १९१२ सालच्या 'द क्रॉक ऑफ गोल्ड' या कादंबरीची 'हिरव्या टोपीतल्या बुटक्यांची बालकथा' अशी एका ओळीत बोळवण केली आहे. टोप्या आहेत, नाही असे नाही. पण ज्या पुस्तकात पहिल्या काही पानांतच एक तत्त्वज्ञ जगण्याला कंटाळून स्वतःभोवती गरगर फिरत प्राण सोडतो, त्याला बालकथा म्हणणे धाडसाचे आहे.

या कादंबरीतला विनोद बुटक्यांच्या उंचीतून येत नाही, तो त्यांच्या काटेकोर कायदेशीरपणातून येतो. मीहॉल नावाच्या शेतकऱ्याच्या बायकोची कपडे घासायची फळी चोरीला जाते, म्हणून तो दुसऱ्या, जिवंत तत्त्वज्ञाकडे सल्ला मागायला येतो. महाशय आधी आंघोळ आणि स्वच्छता या विषयांवर प्रवचन झोडतात आणि मग उलटतपासणी घेऊन छडा लावतात, की मीहॉलच्या मांजराने एक रॉबिन पक्षी मारला, तो लेप्रेकॉनांचा, म्हणजे जोडे शिवणाऱ्या याच बुटक्यांचा लाडका, म्हणून त्यांनी फळी पळवली. तत्त्वज्ञाच्या सल्ल्यावरून मीहॉल त्यांचा सोन्याचा हंडा उचलतो आणि काटेरी झुडपाखाली पुरतो. हे झुडूप पऱ्यांच्या संरक्षणातले, त्यामुळे आपलाच हंडा डोळ्यांसमोर असूनही मालकांना त्याला हात लावता येत नाही! आणि तो तर त्यांना हवाच, कारण माणसाच्या तावडीत सापडल्यास सुटकेचा दंड त्यातूनच भरायचा असतो.

मग सूड सुरू होतो. तत्त्वज्ञाच्या बायकोला संधिवात जडतो, मुले पळवली जातात. एवढ्याने भागत नाही तेव्हा हे जोडे शिवणारे कारागीर जवळच्या पोलीस ठाण्यात निनावी खबर देतात, की अमुक झोपडीत चुलीपुढच्या दगडाखाली दोन प्रेते पुरली आहेत. खबर खोटी नसते, पहिला तत्त्वज्ञ तिथेच पुरलेला असतो, हीच त्यातली खुबी. शतकानुशतकांचे पऱ्यांचे नियम मोडले म्हणून साहेबाच्या पोलिसांकडे धाव घेणारी ही मंडळी मला तरी कोणत्याही राक्षसापेक्षा जास्त खरी वाटतात. स्टीफन्स यांनी डब्लिनमध्ये वकिलांच्या कचेरीत कारकुनी केली होती. अर्ज, तक्रार आणि नुकसानभरपाईची ही भाषा त्यांच्या कानावर रोजच पडत असणार.

पुढे पॅन आणि आंगस ओग हे दोन देव येतात तेव्हा कथेचा वेग मंदावतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही मुलांच्या हातून हंडा परत मिळतो तो प्रसंग साधा आणि चोख उतरला आहे. पुरवणीत या पुस्तकाबद्दल पुन्हा लिहायचे झाल्यास टोप्यांचे वर्णन एका वाक्यात आटोपून त्या चोरलेल्या फळीला निदान एक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज