डॉक्टर डिलमंड आले की आला?

कोथरूड, पुणे
आषाढ

प्रिय माधवी,

‘विकेड’ ही इंग्रजी कादंबरी काल रात्री संपवली. मराठीत आणण्यासारखी आहे का, असं तू विचारलं होतंस. आहे. पण काही गोष्टी खटकल्या, त्या फोनवर नीट सांगता आल्या नसत्या.

फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या मूळ गोष्टीत, ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ’मध्ये, पश्चिमेच्या दुष्ट चेटकिणीला नावसुद्धा नाही. डोरोथी नावाची मुलगी तिच्यावर बादलीभर पाणी ओतते, चेटकीण विरघळते, संपलं. तिचा हिरवा रंगही १९३९च्या चित्रपटातला. ग्रेगरी मग्वायर यांनी १९९५मध्ये त्या निनावी बाईला बॉम यांच्याच आद्याक्षरांवरून एल्फाबा हे नाव दिलं आणि तिला जन्मापासूनचं आयुष्य दिलं. ‘मृत्युंजय’ वाचताना कर्णासाठी जीव तुटायचा ना, तसंच इथेही झालं.

शिझ विद्यापीठाचा भाग फार सुंदर. एल्फाबा आणि गलिंडा एका खोलीत येतात तेव्हा एकमेकींचं तोंड बघवत नाही. मला आपलं हॉस्टेलचं पहिलं सत्र आठवलं, तू माझी ट्रंक व्हरांड्यात नेऊन ठेवली होतीस ते.

पण मी अडकले ती डॉ. डिलमंड यांच्यापाशी. ते प्राध्यापक आहेत आणि बोकड आहेत. ओझ या जादूच्या देशात साधे प्राणी वेगळे आणि बोलणारे, शिकणारे प्राणी वेगळे. इंग्रजीत या दुसऱ्यांचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो. देवनागरीत मोठं अक्षर आणायचं कुठून? परवा वेताळ टेकडी चढताना सुचलं. साधा बोकड ‘आला’, डॉ. डिलमंड ‘आले’. पुढे ओझवर राज्य करणाऱ्या जादूगाराचे कायदे येतात, या प्राण्यांचे हक्क जातात, तेव्हा सरकारी माणसांच्या तोंडी मात्रा जाऊन काना येईल. वाचणाऱ्याला तिथे चटका बसेल बघ.

आणि नेमकं हेच कादंबरी पुढे विसरते. डिलमंड यांचा खून होतो, एल्फाबा शिक्षण सोडून पाचूनगरीत भूमिगत चळवळीत शिरते, तिथवर पुस्तक खाली ठेववत नाही. तिचा प्रियकर फियेरो गेल्यावर ती मठात जाते, मग विंकसच्या डोंगरातल्या वाड्यात, त्याच्या बायकोची, सरिमाची, क्षमा मागायला. सरिमा ऐकूनच घेत नाही. हे पटतं, पण तिथे कथा फार रेंगाळते. ज्या प्राण्यांसाठी तिने घरदार सोडलं ते कडेला पडतात आणि एल्फाबा नुसती कुढत राहते. इतकी तडफदार मुलगी! बादलीचा शेवट ठरलेला, म्हणून तिला तिकडे ओढत नेलंय असं मला वाटत राहिलं.

तरी शेवटाने मला गप्प केलं. एल्फाबाच्या बहिणीच्या मृत्यूबद्दल डोरोथी तिच्याकडे क्षमा मागायला येते. जी एल्फाबाला स्वतःला कधी मिळाली नाही, तीच. एल्फाबाचा झगा पेट घेतो आणि डोरोथी पाणी टाकते ते तिला वाचवायला. बादली तीच गं, पण हेतू किती वेगळा. मी बराच वेळ तशीच बसून होते.

लेकीच्या हाती मात्र इतक्यात देऊ नकोस. गोष्ट लहानपणची असली तरी कादंबरी मोठ्यांची आहे, काही प्रसंग तर फार उघडे.

नमुन्याचं प्रकरण करशील ते डिलमंड यांच्या वर्गाचंच कर. गणपतीत येशील तेव्हा वाचून दाखव. ‘आले’ कानाला कसं लागतं ते मला ऐकायचंय.

तुझी,
सुनीता