दुसरा भाग पाठवतेय

मनू,

धपाट्यांच्या डब्याखाली तुझं ते भुताच्या गोष्टीचं पुस्तक ठेवलंय. बॅग भरताना मीच ते बाहेर काढलं आणि बोलले, "तिकडं शिकायला चाललीस का भुतं बघायला?" बस सुटेपर्यंत तू गप्प होतीस. अंबाजोगाईच्या स्टँडवरून घरी येईस्तोवर तुझं तेच तोंड माझ्या डोळ्यांपुढं होतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून उघडलं. दोन वाजता पप्पा उठले, "काय वाचायलीस एवढं?" मी दिवा घालवला, त्यांना झोप लागल्यावर पुन्हा लावला. तीन रात्रींत संपवलं. पहिला भाग तुझ्याकडं, त्यामुळं तो भूत झालेला मुलगा नहर, म्हणजे पाण्याचा कालवा, खणताना नेमका कसा मेला ते मला कळलं नाही. तरी त्याच्यासाठी रडले.

आणि मनू, ते माझं औरंगाबाद आहे गं! आता छत्रपती संभाजीनगर, पण माझ्या तोंडी तेच बसलंय. ती मुलगी भडकल दरवाजापासून पळत सुटते आणि खाम नदीकाठी पाणचक्कीच्या वडाखाली तो तिची वाट बघत उभा असतो, तिथं माझा श्वास अडकला. मलिक अंबरानं १६१२ मध्ये बांधलेल्या त्या दरवाजाजवळून मी दोन वर्षं सायकलवर गेले. पाणचक्कीचं पाणी हर्सूलकडून जमिनीखालून येतं, भिंतीवरून हौदात कोसळतं, आणि त्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हे लिहिणारीनं अगदी बरोबर धरलंय. तो काहीतरी सांगतो आणि तिला ऐकूच जात नाही, ते पान मी दोनदा वाचलं.

बीबी का मकबऱ्याचं मात्र चुकलंय. सगळा संगमरवरी नाही तो. खाली कमरेइतका आणि घुमटाला संगमरवर, बाकी चुन्याचा गिलावा. आणि आजमशहानं तो बांधला आईसाठी, दिलरस बानूसाठी. लेकानं आईसाठी बांधलेल्या जागी बसून ती मुलगी घरी मेसेज करते, "मैत्रिणीकडं आहे." सबंध पुस्तकात तिची आई चार वेळा येते, चारही वेळा जेवायला वाढते, आणि तिला काहीच माहीत नसतं.

तू मला सांगशील ना? काही असलं तर?

हे विचारायचं नाही असं ठरवून बसले होते. तुझ्यावर विश्वास आहे. बँकेचा फॉर्म एकटीनं भरलास, अ‍ॅडमिशनच्या यादीची झेरॉक्स अजून माझ्या पर्समध्ये आहे, भेटेल त्याला दाखवते. पण रात्री दहानंतर होस्टेलबाहेर पडू नकोस. रिक्षात बसलीस की नंबर पाठव. मोबाइल चार्ज ठेव. जेवण टाळू नकोस, पित्ताचा त्रास तुला माझ्याकडूनच आलाय. बघ, लागले मी सांगायला. चुकलं.

खरं सांगू? मला भूत नाही खटकलं. १९९७ साली विद्यापीठाच्या होस्टेलवर मला कावीळ झाली होती. पंधरा दिवस पडून होते आणि घरी लिहिलं, परीक्षेमुळं येता येत नाही. वडलांना त्या वर्षी सोयाबीनचे पैसे मिळाले नव्हते, म्हणून. पण नुसतं म्हणून नाही. मला ते एकटीनं निभवायचं होतं. कुणाकडून कळलं कुणास ठाऊक, माय न कळवता आली. माझे डोळे बघितले, एक शब्द बोलली नाही. पायरीवर बसवून माझी वेणी घातली. संध्याकाळी तिला सोडायला स्टँडवर गेले, तर ती कंडक्टरला विचारत होती, अंबाजोगाईहून इकडं दिवसाला किती गाड्या येतात. कंडक्टरनं सांगितलं ते तिनं बोटांवर मोजून घेतलं. परत कधी तिनं त्या आजारपणाचं नावही काढलं नाही.

म्हणून विचारते. न सांगता राहणं किती सोपं असतं ते मला ठाऊक आहे.

पुस्तकात एका पानाला हळदीचा डाग पडलाय, रागवू नकोस. दिवाळीला येताना पहिला भाग आण. आणि तिसरा निघणार आहे का गं? त्यात तरी तिच्या आईला कळतं का?

आई