आईबापाजवळ घर घेणाऱ्याला अनुदान द्या

मा. संपादक साहेब,
स.न.

घरकुलाच्या आणि म्हाडाच्या सोडतीच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात म्हणून हे पत्र लिहितोय. सिंगापूरला एक योजना आहे, २०१५ पासून चालू आहे. तिकडं सरकारनंच बांधलेले फ्लॅट असतात, बहुतेक लोक त्यातच राहतात, आणि असा जुना फ्लॅट विकत घेताना तुम्ही आईबापासोबत राहणार असाल तर कुटुंबाला ३० हजार डॉलर मिळतात, सोबत नाही पण ४ किलोमीटरच्या आत राहणार असाल तरी २० हजार. आपल्या पैशात लाखांत जाते ही रक्कम. लग्न न झालेल्यांना यापेक्षा कमी मिळतात पण मिळतात. आणि उलटं पण चालतं, म्हणजे म्हातारे आईबाप मुलाजवळ किंवा मुलीजवळ फ्लॅट घ्यायला निघाले तरी अनुदान आहेच.

मला यातलं जवळ राहण्याचं कलम फार पटलं. एकाच घरात सगळ्यांचं जमतंच असं नाही, दोन खोल्यात दोन चुली होत नाहीत अन् रोजची कटकट होते, हे कोणी कबूल करो ना करो. पण रिक्षाने दहा मिनिटावर लेकरू असलं की बापाला किती आधार वाटतो हे जळगावच्या कोणत्याही कॉलनीत जाऊन बघा. आमच्या गल्लीत एक आप्पा आहेत, मुलगा चाकणला कंपनीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसातून चार वेळा डोळ्यात ड्रॉप टाकायला गावातच दिलेली लेक यायची, भर मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, स्कार्फ बांधून, डब्यात वरण-बट्टी घेऊन, अन् परत जाऊन सासरचा स्वयंपाक. तिचं भाड्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. जवळ घर घ्यायचं म्हटलं तर लोक जावयाला घरजावई म्हणून मोकळे होतात, आणि तसंही परवडत नाहीच. सिंगापूरच्या नियमात मुलगा-मुलगी असा भेद नाही, लग्न झालेल्या लेकीला पण तेवढेच मिळतात.

आता आपल्याकडचं बघा. पंतप्रधान आवास योजनेत कुटुंब कोणाला म्हणतात? नवरा, बायको अन् लग्न न झालेली मुलं. आईबाप त्यात धरतच नाहीत. पण २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सांगतो की आईबापाला सांभाळायची जबाबदारी मुलांची, नाही सांभाळलं तर प्रांताकडे अर्ज करून पोटगी मागता येते. म्हणजे सांभाळायला आईबाप कुटुंबात, अन् घर देताना बाहेर! हे मला अजिबात पटत नाही. शहरात या योजनेतून अडीच लाखापर्यंत मदत मिळते, त्यावर आईबापाजवळ घर घेणाऱ्याला थोडी जास्तीची रक्कम दिली तर काय बिघडणार आहे?

लोक खोटे पत्ते दाखवतील असं कोणी म्हणेल. दाखवतील काही जण, पण रेशनकार्ड आहे, लाईटबिल आहे, आणि घर घेतल्यावर काही वर्षं विकायचं नाही अशी अट घालता येते, सिंगापूरलाही ५ वर्षं राहावंच लागतं.

आपल्याकडचे पोरं सुरत, नाशिक, पुण्याला गेले ते काही हौसेने नाही गेले. सगळे परत येतील असं मी म्हणत नाही, पण जे इथंच आहेत किंवा यायचं म्हणताहेत त्यांना तरी जवळ घर मिळायला हवं. आणि जे तिकडंच राहणार त्यांच्या आईबापाला त्यांच्याजवळ घर घेता यायला हवं. म्हाडाचं नाशिक मंडळ जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे बघतं, तिथल्या सोडतीत थोडी घरं यासाठी राखून सुरुवात करता येईल. आपल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा विषय मांडावा, आणि अंतर मोजताना लेकीचं घर पण मोजावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, जळगाव