ट्यूशनचे सर निवडताना आधी वही बघा

संपादक महोदय,

दहावीचा निकाल लागला की म्हापसा, फोंडा, मडगावात क्लासेसचे फलक झळकू लागतात आणि पालकांची विचारपूस सुरू होते : कुठले सर चांगले, फी किती, कितीजणांना नव्वदच्या वर मिळाले. शिकवणीचा शिक्षक पारखण्याची ही रीत मला पटत नाही. फलकावरची मुले बहुतेक वेळा शिकवणीला जाण्याआधीपासूनच हुशार असतात. गणितात कसेबसे पास होणाऱ्या मुलाचे त्या सरांनी काय केले, हे फलकावर कधीच येत नाही. ते त्या मुलाच्या वहीत असते. म्हणून माझे सांगणे एवढेच : त्या सरांकडे आधीपासून जाणाऱ्या एखाद्या मुलाची दोन-तीन महिन्यांची वही मागून घ्या आणि शांतपणे चाळा.

पहिल्यांदा बघायचे, ते लिहिले कोणी. पानेच्या पाने स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही, प्रत्येक उत्तर बरोबर, असे असेल तर ती वही फळ्यावरून उतरवलेली आहे. खरे काम झालेली वही थोडी अस्ताव्यस्त दिसते. चुकलेल्या पायरीवर एकच आडवी रेघ असते, चूक वाचता येईल अशी, आणि तिच्याखाली त्याच मुलाच्या अक्षरात दुरुस्ती असते. जाणते शिक्षक शिकवणीत खोडरबर काढू देत नाहीत ते याचसाठी. खोडून टाकलेली चूक पुन्हा शोधता येत नाही, आणि ती पुढच्या आठवड्यात जशीच्या तशी परत होते. दुसरे म्हणजे तारखा. एकाच प्रकारचे गणित ४ तारखेला, मग ६ ला, मग १३ ला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा आलेले दिसले, तर हा शिक्षक विचार करून शिकवतो असे समजावे. एका दिवशी एकाच पद्धतीची वीस गणिते आणि नंतर त्या धड्याचे नावच नाही, असे असेल तर ते परीक्षेपर्यंत टिकत नाही. परीक्षेत गणितावर धड्याचे नाव लिहिलेले नसते. कोणती रीत वापरायची हे मुलाला आधी ओळखावे लागते, आणि ती ओळख वेगवेगळ्या धड्यांची गणिते मिसळून दिल्याशिवाय येत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. आठवीतल्या मुलीने ३(क्ष − ४) = २क्ष + ५ हे समीकरण सोडवताना पहिल्या पायरीत ३क्ष − ४ = २क्ष + ५ असे लिहिले आणि क्ष = ९ असे उत्तर काढले. घाईतला शिक्षक लाल पेनने काट मारतो, शेजारी ३क्ष − १२ लिहितो, ‘कंसातल्या सगळ्याला गुणायचे असते, किती वेळा सांगितले’ म्हणतो आणि पुढे जातो. मुलगी मान हलवते. चांगला शिक्षक पेन हातात घेतच नाही. तो म्हणतो, ‘तुझे ९ मूळ गणितात घालून बघ.’ डावीकडे ३ गुणिले ५, म्हणजे १५ येतात. उजवीकडे १८ अधिक ५, म्हणजे २३. काहीतरी चुकले हे आता तिचे तिलाच कळते. मग तो विचारतो, ‘तीन पाकिटे आहेत. प्रत्येकात ठरल्यापेक्षा चार पेन कमी निघाले. एकूण किती कमी?’ ती ‘बारा’ म्हणते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबून वहीकडे बघते. यानंतर लगेच −२(क्ष − ३) द्यावे, कारण जी मुले आता ३ ने नीट गुणतात त्यांतली पुष्कळशी इथे −२क्ष − ६ लिहितात. ती चूक वेगळी आहे, चिन्हाची आहे, आणि तिच्यासाठी पुन्हा मागे जावे लागते. या सगळ्याला दहा-बारा मिनिटे लागतात. काट मारायला दहा सेकंद पुरतात. वहीत हा फरक स्पष्ट दिसतो.

यात धीर लागतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजून गप्प राहायचे, हे बहुतेक शिक्षकांना जमत नाही. मूल गप्प आहे म्हणजे त्याला येत नाही असे नसते. ते वाक्य जुळवत असते. दुसऱ्याच सेकंदाला उत्तर सांगून टाकणाऱ्या सरांकडे मूल लवकरच न बोलायला शिकते.

चुकांचे प्रकार ओळखणे ही तर या कामाची खरी कसोटी. कल्पनाच समजलेली नाही, कल्पना कळली पण हिशेबात हात घसरला, आणि प्रश्नच नीट वाचला नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींवर ‘अजून सराव कर’ हा एकच उपाय चालत नाही. पहिल्यात मागच्या इयत्तेत जावे लागते. दुसऱ्यात उत्तर ताडून पाहण्याची सवय लावावी लागते. तिसऱ्यात मुलाने प्रश्न मोठ्याने वाचून ‘काय दिले आहे, काय काढायचे आहे’ हे स्वतःच्या शब्दांत सांगायचे, त्याआधी पेन उचलायचे नाही. शाळेची तपासलेली उत्तरपत्रिका हाती आली की गुणांची बेरीज बाजूला ठेवून गेलेला प्रत्येक गुण या तीनपैकी कुठल्या खान्यात पडतो ते लिहावे, आणि वेळेअभावी राहिले असेल तर चौथा खाना करावा. जे सर हे करतात, त्यांना पुढच्या महिन्यात काय शिकवायचे ते कोणाला विचारावे लागत नाही.

म्हणूनच नवीन मुलाच्या पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडायचे नसते. आठवीचे मूल असेल तर सहावीच्या पातळीची आठ-दहा छोटी गणिते द्यावीत : ७/१२ + ५/१८, −७ − (−३), ०.४ × ०.३, १००५ ÷ ५. यांची उत्तरे ३१/३६, −४, ०.१२ आणि २०१. मुले १२/३०, −१०, १.२ आणि २१ लिहितात, आणि यातले प्रत्येक चुकीचे उत्तर कुठे भगदाड आहे ते नेमके दाखवते. १२/३० लिहिणाऱ्या मुलाला छेद म्हणजे काय हेच उमगलेले नाही. २१ लिहिणाऱ्याचा स्थानिक किमतीचा पाया कच्चा आहे, भागाकाराचा नाही. याच्या जोडीला एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्यावा आणि पाच ओळींचे शुद्धलेखन घ्यावे. विज्ञानात मागे पडलेले मूल पुष्कळदा विज्ञानात मागे नसते, त्याला वाक्य वाचताच येत नसते.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे आणि बाहेरून आलेली शिकवणीची पुस्तके किंवा ॲप त्याचा विचार करत नाहीत. आपल्याकडे पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये बसतात. डिचोली, सत्तरी, पेडणे, काणकोण अशा भागांत पाचवी-सहावीत जी मुले ‘कच्ची’ म्हणून शिकवणीला येतात, त्यांतल्या अनेकांना विषय येत असतो. प्रश्नच कळत नसतो. इथे शिक्षक दोन प्रकारे चुकतात. काहीजण अख्खे पुस्तक मराठीत समजावून देतात. मूल खूश होते, पण पेपरात एक वाक्य लिहिता येत नाही. दुसरे म्हणतात, सवय व्हायला हवी, फक्त इंग्रजीतच बोला. मग मूल तोंड उघडत नाही आणि शिक्षकाला त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते कळायचा मार्गच बंद होतो. यातून निघणारी वाट अशी आहे : विचार आधी मराठीत बोलू द्यावा, मग तोच एका छोट्या इंग्रजी वाक्यात लिहून घ्यावा. दर धड्याला आठ-दहाच शब्द, वहीच्या पानाला मधोमध घडी घालून डावीकडे अंश, छेद, बाकी, परिमिती आणि उजवीकडे त्यांची इंग्रजी नावे. तोंडात बसलेले ‘बे दुणे चार’ तसेच राहू द्यावे. पाढे इंग्रजीत नव्याने पाठ करायला लावणे हा मुलाच्या वेळेचा अपव्यय आहे. शब्दगणितांत मात्र डोळ्यांत तेल घालून बघावे लागते. ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ म्हटले की मूल आपसूक क्ष − ५ लिहिते. तेच ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ असे आले की पाच आधी ऐकू येतात आणि ते ५ − क्ष लिहून मोकळे होते. याला निष्काळजीपणा म्हणून रागावण्यात अर्थ नाही. अशी दहा वाक्ये समोर ठेवून ‘मोठी संख्या कोणती’ एवढेच विचारत गेले की आठवडाभरात घडी बसते.

प्रश्नोत्तरे लिहून देऊन पाठ करून घेणाऱ्या शिकवण्यांविषयीही लिहायला हवे, कारण पालकांना त्या आवडतात. वही भरलेली दिसते. पण गंज लागण्यावरचे उत्तर पाठ केलेल्या नववीच्या मुलाला विचारून बघा, की किनाऱ्याजवळच्या घराचे लोखंडी गेट समुद्रापासून दूर असलेल्या वाळपईतल्या गेटपेक्षा लवकर का गंजते? पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात हे ज्याला समजले आहे, तो निदान विचार सुरू करतो. खाऱ्या हवेतल्या मिठामुळे पाणी विजेचे चांगले वाहक बनते आणि गंजण्याची क्रिया वेग घेते, इथपर्यंत त्याला एका प्रश्नाच्या मदतीने नेता येते. पाठ केलेला मुलगा ‘हे आम्हाला दिलेले नाही’ म्हणतो. प्रश्न थोडा फिरवून आला की अशी मुले पेपर कोरा सोडतात, आणि घरी मात्र ‘सगळे केले होते तरी असे कसे’ म्हणून रडारड होते.

शिकवणी कधी आणि किती, याचे बोलायचे तर आपल्या बहुतेक शाळा सकाळच्या, दीडच्या सुमारास सुटणाऱ्या. बसने घरी येऊन जेवण होते न होते तोच तीनची शिकवणी ठेवली तर पहिला अर्धा तास जांभयांत जातो. चार-साडेचारनंतरची वेळ बरी. प्राथमिकला पाऊण तास, माध्यमिकला तास-सव्वा तास, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरे. रोजची शिकवणी लावली तर शिकलेले स्वतः करून बघायला मुलाला दिवसच उरत नाही. घरचा अभ्यास सहा ते आठ गणिते, त्यांतली दोन जुन्या धड्याची. शाळेचा गृहपाठ शिकवणीत करून देणे ही सर्वांत मोठी फसगत आहे. शाळेतल्या शिक्षकांना बरोबर उत्तरे दिसतात, मुलाला काय येत नाही ते त्यांना कळतच नाही, आणि दोन्हीकडचे शिकवणे वाया जाते. चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, सुट्टी आली की सहामाहीसाठी रोज तीन-तीन तास बसवणेही थांबवावे. आधीच्या आठवड्यात काय शिल्लक आहे याची यादी करून सुट्टीत दिवसाला अर्धा तास दिला तरी भागते.

मागे पडलेल्या मुलासाठी चार-पाचांचा गट हवा, आणि सरांना प्रत्येकाच्या पेनाचे टोक दिसेल असे बसणे हवे. वीस मुले बसली की ती शाळाच झाली. पाचवीपर्यंत एकच शिक्षक सगळे विषय घेऊ शकतो. आठवीनंतर ‘मी सर्व विषय शिकवतो’ म्हणणाऱ्याकडे जपून जावे. ‘हे मी बघून पुढच्या वेळी सांगतो’ असे म्हणणारा आणि खरोखर सांगणारा शिक्षक मिळाला तर सोडू नये. बसायची जागा घरातली उघडी, येता-जाता दिसणारी असावी. हात उगारणाऱ्या किंवा सर्वांदेखत पाणउतारा करणाऱ्याकडे मूल पाठवूच नये, कारण भ्यायलेले मूल चुका लपवते आणि चुका लपल्या की वर लिहिलेले काहीच करता येत नाही.

स्वतःच्या शाळेतल्याच शिक्षकांची शिकवणी लावण्याचा मोह पालकांना होतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमानुसार शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, हे पालकांनीही लक्षात ठेवावे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, चांगल्या गुणांची हमी देऊ नये, असे त्यांत आहे. पण त्या ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या सेंटरांसाठी आहेत. गावात पडवीत चालणाऱ्या पाच-दहा मुलांच्या शिकवणीकडे बघणारे कोणी नाही. ते पालकांनीच करायचे आहे.

फी ठरवताना सरांना एक गोष्ट जरूर विचारावी : तीन महिन्यांनी काय बदललेले दिसेल? ‘अपूर्णांक आणि चिन्हे पक्की होतील, शब्दगणिताला निदान हात घालेल’ असे उत्तर आले तर विश्वास ठेवावा. ‘ऐंशीच्या वर नक्की’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत यावे. पहिल्या चाचणीत गुण फारसे वाढणार नाहीत, याचीही तयारी ठेवावी. आधी कोरे सोडलेले प्रश्न आता अर्धवट का होईना लिहिले आहेत का, ते बघावे. मूल सावरले की चांगला शिक्षक आपणहून तीनचे दोन दिवस करतो, मग एक, आणि शेवटी ‘अडेल तेव्हा ये’ म्हणतो. त्यात त्याचे उत्पन्न बुडते. असे करणारे शिक्षक गोव्यात आहेत, आणि त्यांचे नाव फलकावर नसते.

शाळांच्या पालक-शिक्षक संघांना एक विनंती. वर्षाच्या पहिल्या सभेत अर्धा तास राखून पालकांना वही आणि उत्तरपत्रिका कशी वाचायची ते प्रत्यक्ष दाखवावे. आणि चाचणीच्या उत्तरपत्रिका जिथे वर्गात दाखवून लगेच परत घेतल्या जातात, तिथे त्या निदान दोन दिवस घरी पाठवाव्यात. पालकाला आणि शिकवणीच्या शिक्षकाला चूक बघायला मिळाली तरच तिच्यावर काम करता येईल.

— एक गणित शिक्षक, फोंडा