फोटोत खेळ आमचा, नाव कटानचं

माननीय संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत बैठ्या खेळांच्या संमेलनावर पानभर मजकूर आला आहे. वरच्या मोठ्या फोटोखाली ‘कटान खेळण्यात रमलेलं कुटुंब’ असं छापलंय. फोटोतल्या पत्त्यांवर वांगी, शेवग्याच्या शेंगा आणि मेथीची जुडी स्वच्छ दिसते. कटान हा जर्मन बैठा खेळ, त्याच्या पत्त्यांवर लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज असतं, मेथी नसते. तो खेळ माझ्या मुलाने आणि सुनेने केला आहे. आठवडी बाजारावरचा, मराठीतला. दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याचाच पसारा होता, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

चूक एका ओळीपुरती असती तर मी पत्र लिहिलं नसतं. पण त्या फोटोतली माणसं जमिनीवर चटई टाकून का बसली आहेत, हे आपल्या प्रतिनिधीने विचारायला हवं होतं. प्रकाशकांना दिलेलं टेबल जेमतेम तीन फुटी, भिंतीला टेकवलेलं, खुर्च्या दोन. त्यावर खोकी ठेवायची की पट मांडायचा? खेळायची मोठी टेबलं हॉलच्या मधोमध होती. तिथे फक्त संयोजकांच्या कपाटातले खेळ मांडायचे, आणि ते जवळजवळ सगळे परदेशी. मुलगा विचारायला गेला तर ‘तुम्ही विक्रेते, तुमची जागा कडेला’ असं उत्तर मिळालं. कडेच्या त्या जागेचं भाडं आम्ही महिनाभर आधी भरलं होतं.

पुस्तक चाळून घेता येतं, साडी अंगावर टाकून बघता येते. खेळाचं तसं नाही. चार माणसं बसवून एक डाव शिकवावाच लागतो, त्याशिवाय खोकं कोणी उचलत नाही. म्हणून मुलाने गाडीतली चटई आणली. एक आजी दोन नातवंडांना घेऊन बसल्या. तिसऱ्याच फेरीत त्या सुनेला म्हणाल्या, “अगं, दुपार कलल्यावर मेथी ह्या भावाने कोण घेईल? सुकते ना ती!” सुनेने तिथेच वहीत लिहून घेतलं. पुढच्या छपाईत पालेभाजीचा भाव प्रत्येक फेरीला उतरणार आहे. परदेशातून बंद खोक्यात आलेल्या खेळाला हे सांगणारी आजी कुठे भेटणार? आपल्या छायाचित्रकाराने फोटो काढला तो नेमका तेव्हा. पाच मिनिटांनी एक स्वयंसेवक आला, वाट अडते म्हणाला, आणि डाव अर्धा टाकून चटई उचलावी लागली. नातू रडवेला झाला होता.

लेखात दोन रकाने मोक्षपट (जुनी सापशिडी) आणि गंजिफांवर (हाताने रंगवलेले जुने पत्ते) आहेत. मलाही त्यांचं प्रेम आहे. पण सावंतवाडीची १२० पानांची दशावतारी गंजिफा नुसत्या कौतुकावर तगली नाही. कला बुडायला आली होती तेव्हा तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी ती स्वतः शिकून घेतली आणि कारागिरांना राजवाड्यात बसून काम करायला जागा दिली. जागा दिली म्हणून ती टिकली. आम्हीही दुसरं काही मागत नाही. हॉलच्या मधली दोन टेबलं इथल्या प्रकाशकांना पाळीपाळीने द्या, तासतासभर.

आणखी एक. ‘मराठी खेळांच्या खोक्यावरही चौदा वर्षांपुढील असंच छापलेलं असतं, मग मुलांनी काय खेळायचं?’ असा ठपका लेखात ठेवला आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी नियम हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण परवाना आणि चाचण्यांचा खर्च लाखभर नग काढणाऱ्या कारखान्याला पेलतो. आम्ही लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून पाचशे संच काढले. त्यातले साठ आम्हीच बाजूला ठेवले, कारण कापताना पत्त्याची पाठ किंचित सरकली होती आणि तसा पत्ता मागूनच ओळखू येतो. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना नियमातून सूट आहे, छापील पत्त्यांना नाही. मग छोटा प्रकाशक खोक्यावर दुसरं काय छापणार? ठपका ठेवण्याआधी एखाद्याला तरी विचारायचं होतं. आम्ही दोन्ही दिवस तिथेच होतो.

फोटोतल्या आजींनी निघताना दोनदा विचारलं होतं, पेपरात कधी येणार? सुनेने त्यांचा नंबर घेऊन ठेवला आहे, कात्रण पाठवायचं म्हणून. काल तिने ते पाठवलं नाही. दुरुस्ती खेळाच्या नावासह छापावी ही विनंती. जाहिरात वाटू नये म्हणून मी नाव इथे लिहीत नाही. आपल्याच फोटोत डाव्या कोपऱ्यातल्या खोक्यावर ते मोठ्या अक्षरांत आहे.

आपली,
एक वाचक, चिंचवड